प्रयोगशाळेचे शास्त्र आणि आमची मुले

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त घेतलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला तो 'बारावीनंतर काय?' असा. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला आमच्यापेक्षा शिकलेली माणसे या वस्तीत पुष्कळ आहेत. आम्ही पडलो सूतगिरणीतले कामगार. कॉलेजचे तोंड आम्ही पाहिले ते मुलांच्या ॲडमिशनसाठी रांगेत उभे राहताना. जे काही समजले ते वाचनालयात बसून, शिकलेल्यांना विचारून आणि दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या चाळून. म्हणून आम्ही विषय आमच्या हाताने लहान करून घेतला आहे. आज एकाच शिक्षणाविषयी बोलणार. ते म्हणजे मेडिकल लॅबोरेटरीचे शास्त्र. रक्त, लघवी, थुंकी, गाठीचा तुकडा तपासून रोग ओळखायला डॉक्टरला मदत करणारे शिक्षण.

हाच विषय का घेतला, तेही सांगतो. आपल्या नागपुरात जिकडेतिकडे कलेक्शन सेंटरच्या पाट्या लागल्या आहेत. त्या पाहून वस्तीतल्या चार-पाच घरांतून आम्हाला एकच प्रश्न आला. "भाऊ, आमच्या पोट्ट्याला लॅबच्या कोर्सला टाकू का? सहा महिन्यांत सर्टिफिकेट देतात म्हणे. लगेच नोकरी."

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना उठता येईल. लॅबच्या शिक्षणाला जरूर टाका. पण गल्लीतल्या सहा महिन्यांच्या दुकानात टाकू नका. विद्यापीठाच्या मान्यतेचा, दवाखान्यात उभे राहून शिकवणारा, तीन-चार वर्षांचा कोर्स करू द्या. आता असे का म्हणतो, ते पुढे ऐका.

पुष्कळांना वाटते की लॅबवाल्याचे काम म्हणजे सुई टोचणे, रक्त मशीनमध्ये घालणे आणि कागद बाहेर काढणे. मशीन तर सगळे करते, मग चार वर्षे कशाला घालवायची? हा प्रश्न आम्हालाही पडला होता. आपल्या वस्तीतील एक मुलगी हा कोर्स करते आहे. तिला आम्ही विचारले. ती म्हणाली, "काका, मशीन आकडा देते. तो आकडा त्या माणसाचा आहे की नळीचा, ते मशीनला कळत नाही." आम्हाला काही उमजले नाही. मग तिने वही उघडून समजावले.

रक्त घेतात त्या नळ्यांची टोपणे वेगवेगळ्या रंगांची असतात, हे तुम्ही पाहिले असेल. ते शोभेसाठी नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए नावाचे औषध असते. ते रक्तातले कॅल्शियम पकडून ठेवते, त्यामुळे रक्त गोठत नाही आणि पेशी मोजता येतात. निळ्या टोपणात सायट्रेट असते आणि तिथे नऊ भाग रक्ताला एक भाग औषध हे माप चुकून चालत नाही, कारण त्यावर रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचे असते. करड्या टोपणात फ्लोराइड असते. रक्त शरीराबाहेर आले तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. नुसते ठेवले तर दर तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. फ्लोराइड हे खाणे रोखून धरते.

आता समजा एखाद्याने जांभळ्या नळीतले थोडे रक्त लाल टोपणाच्या नळीत ओतले. रक्त कमी पडले, पेशंटला परत कोण टोचणार म्हणून. ईडीटीएबरोबर पोटॅशियम असते. मशीन इमानदारीने मोजते आणि छापते की पोटॅशियम भयंकर वाढले, कॅल्शियम भयंकर कमी झाले. त्या आकड्यांचा माणूस जिवंत राहू शकणार नाही, आणि इकडे तर तो बाहेर बाकावर बसून चहा पितो आहे! शिकलेला मुलगा हे दोन आकडे एकत्र पाहतो आणि तिथेच ओळखतो की नळी चुकली, परत रक्त घ्या. न शिकलेला मुलगा सही-शिक्क्यासाठी कागद पुढे पाठवतो. मशीन दोघांकडे एकच आहे.

हे ऐकल्यावर आम्हाला आमची गिरणी आठवली. आमच्याकडे टेस्टिंग खाते असते. रिंग फ्रेमवर निघालेले सूत रॅप रीलवर १२० वार गुंडाळून घेतात, त्याला 'ली' म्हणतात. तिचे वजन करून सुताचा काउंट काढतात. ८४० वारांची एक लडी, अशा जितक्या लड्या एका पौंडात बसतील तितका काउंट. चाळीस काउंटचे सूत काढायचे ठरले तर रोज नमुना घेऊन तक्त्यावर ठिपका मांडतात. मध्ये एक रेघ, वर-खाली दोन मर्यादा. ठिपका मर्यादेच्या बाहेर गेला तर फ्रेम पाहायचीच. पण ठिपके मर्यादेत असूनही सारखे रेघेच्या एकाच बाजूला पडू लागले तरी जाणता माणूस म्हणतो, काहीतरी सरकतंय, आताच बघा.

हा तक्ता मूळचा कारखान्यातला. वॉल्टर शूहार्ट नावाच्या अमेरिकन माणसाने १९२४ साली टेलिफोनचे सामान बनवणाऱ्या कारखान्यासाठी तो मांडला. १९५० साली लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी तो दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आणला. आज चांगल्या लॅबमध्ये सकाळी पेशंटचे रक्त लावण्याआधी माहीत असलेल्या किमतीचा नमुना मशीनवर लावतात आणि ठिपका मांडतात. १९८१ साली वेस्टगार्ड यांनी त्याचे नियम लिहून दिले. दहा ठिपके सलग एका बाजूला आले तर काम थांबवा, हा त्यातलाच एक. वहीत तो तक्ता पाहून आम्ही त्या मुलीला म्हटले, "अगं, हा तर आमच्या खात्यातला कागद!" तेव्हा मित्रहो, कामगाराच्या पोरांनी हे शास्त्र परके समजायचे कारण नाही. फरक एवढाच की आमचे सूत खराब निघाले तर माल परत येतो. पेशंटला दिलेला खोटा आकडा परत येत नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट. सिकलसेलचे नाव या सभेत कुणाला नवीन नाही. विदर्भातल्या आदिवासी समाजात आणि आपल्या समाजातही हा आजार आहे. काही घरांत तो उघडपणे बोलला जातो, पुष्कळ घरांत लपवला जातो. १९०४ च्या अखेरीस शिकागोमध्ये दंतवैद्यक शिकायला ग्रेनाडा बेटावरून आलेला एक कृष्णवर्णीय विद्यार्थी आजारी पडला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर तांबड्या पेशी गोल नसून विळ्यासारख्या वाकड्या. त्यांचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली ते छापले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, विजेच्या प्रवाहात ते निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळे सरकते. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये तो प्रथम नोंदला गेला. म्हणजे हा आजार सापडला तोही प्रयोगशाळेत आणि समजला तोही प्रयोगशाळेत.

आमच्या नात्यातल्या एका घरी बाळ झाले. आईच्या माहेरी सिकलसेल होता, म्हणून घरच्यांनी शहाणपणाने बाळ चार महिन्यांचे असताना जवळच्या एका छोट्या लॅबमध्ये तपासणी केली. रिपोर्ट आला 'निगेटिव्ह'. सगळ्यांना हायसे वाटले. पुढे बाळाचे हात-पाय सुजायचे, ते रात्रभर रडायचे. कुणी म्हणे दात येताहेत, कुणी म्हणे नजर लागली. रिपोर्ट निगेटिव्ह होता ना, मग सिकलसेलचा विचारच कुणी करीना. पोरगा दोन वर्षांचा झाल्यावर मोठ्या दवाखान्यात इलेक्ट्रोफोरेसिस केली, तेव्हा कळले की त्याला दोन्हीकडून आलेला, पूर्ण आजार आहे.

असे कसे झाले? त्या लॅबमध्ये सोल्युबिलिटी नावाची तपासणी केली होती. नळीत औषध घालतात, त्यात रक्त टाकतात. सिकलचे हिमोग्लोबिन असेल तर पाणी गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसत नाहीत. स्वस्त तपासणी आहे, मोठ्या शिबिरासाठी उपयोगाची आहे. पण जन्मलेल्या बाळाच्या रक्तात आईच्या पोटातले वेगळे हिमोग्लोबिन भरपूर असते. ते हळूहळू कमी होते. म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही तपासणी चालत नाही, ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. दुसरे असे की ती फक्त सिकल आहे की नाही एवढे सांगते. वाहक आहे की रोगी आहे, ते सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावीच लागते. नुकतेच कुणाचे रक्त चढवले असेल तर तेही आधी विचारावे लागते. पाठ्यपुस्तकात हे लिहिलेले आहे. परीक्षेला विचारतात.

त्या लॅबमध्ये काम करणाऱ्या पोराला आम्ही नंतर भेटलो. भांडायला म्हणूनच गेलो होतो. पाहतो तर आपल्यासारख्याच वस्तीतला, गरीब घरचा, वीस-बावीस वर्षांचा मुलगा. सहा महिन्यांचे सर्टिफिकेट घेतलेला. बाळाचे वय विचारायचे असते, हे त्याला माहीतच नव्हते. तो कामचुकार नव्हता, त्याला कुणी शिकवलेच नव्हते. फी मात्र पूर्ण घेतली होती. त्या दिवशी आमचा राग त्याच्यावरून उतरला आणि त्याला तसे सर्टिफिकेट देणाऱ्यांवर गेला. तपासणारा आपला, तपासला जाणारा आपला, आणि दोघांचेही नुकसान. म्हणून आज आम्ही या माइकपुढे उभे आहोत.

पोरगा आता औषधपाण्यावर आहे, शाळेत जातो. पण ती दोन वर्षे कुणी भरून देणार नाही. पूर्ण आजाराच्या लहान मुलाला साधा ताप, साधा जंतुसंसर्गही जीवावर बेतू शकतो. आधी कळले असते तर लस, गोळ्या, काळजी सगळे वेळेवर झाले असते.

इथेच लग्नाचाही विषय येतो, तो टाळून चालणार नाही. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता पूर्ण आजाराच्या मुलाची, चारात दोन वाहक मुलाची आणि चारात एक निरोगी मुलाची असते. वाहक माणूस रोगी नाही, तो आपले काम-धंदा सगळे करतो. त्याला नाकारायचे कारण नाही, दोघांना आधी माहीत असले पाहिजे एवढेच. २०२३ च्या १ जुलैला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय मिशन सुरू केले. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट आहे आणि आदिवासी भागातल्या ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे ठरले आहे. आपल्या नागपूरचे संपत रामटेके यांना २०१८ साली पद्मश्री जाहीर झाली, ती याच रुग्णांसाठी केलेल्या कामाबद्दल. सरकारने मिशन काढले, कार्यकर्त्यांनी आयुष्य घातले. पण सात कोटी नळ्या हातात घेऊन बरोबर वाचणारी माणसे कुठून येणार? ती याच मुलांतून यायची आहेत.

आणखी एक गोष्ट त्या मुलीने सांगितली, ती घरच्या शुगरवाल्यांसाठी. तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए१सी तपासणी आता सगळेच करतात. पण ती तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते या हिशेबावर बसवलेली आहे. सिकलसेलच्या रोग्याची पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. मग त्याची साखर वाढलेली असूनही हा आकडा कमी दिसू शकतो. लॅबमध्ये जाणता माणूस असेल तर तो डॉक्टरला फोन करून सांगतो की या पेशंटसाठी हा आकडा धरू नका.

आता रक्तगटाचे उदाहरण. १९५२ साली आपल्याच मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट शोधून काढला. त्याला जगभर 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एकाचा असतो असे सांगतात. नेहमीच्या तपासणीत हा माणूस सरळ 'ओ' गटाचा दिसतो, कारण त्याच्या पेशींवर 'ए' नाही आणि 'बी'ही नाही. पण 'ओ' गटाच्या पेशींवर जो 'एच' पदार्थ असतो, तोही याच्या पेशींवर नसतो, आणि त्याच्या रक्तात त्या 'एच'विरुद्ध शस्त्र तयार असते. त्याला 'ओ'चे रक्त चढवले तर जीवही जाऊ शकतो. हे कसे ओळखायचे? रुग्णाच्या सीरममध्ये 'ओ' गटाच्या पेशीही घालून पाहायच्या, आणि रक्त देण्याआधी दात्याच्या पेशींशी क्रॉसमॅच न चुकता करायची. गुठळी झाली की थांबायचे. स्लाइडवर दोन थेंब टाकून 'ओ पॉझिटिव्ह' लिहून देणारा मुलगा ९,९९९ वेळा बरोबर ठरेल. दहा हजाराव्या वेळी एका घरावर आकाश कोसळेल.

यासाठी विद्यापीठात शिकायचे. तिथे काय शिकवतात? पहिल्यांदा शरीराची रचना आणि कार्य, रसायनशास्त्र. मग पाच मोठी अंगे. रक्तशास्त्र म्हणजे पेशी मोजणे आणि ओळखणे. जीवरसायन म्हणजे साखर, युरिया, यकृताच्या तपासण्या. सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे जंतू रंगवून पाहणे, वाढवणे, कोणते औषध लागू पडते ते काढणे. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला, म्हणून आपण त्या तारखेला क्षयरोग दिन पाळतो. तो जंतू रंगवून शोधण्याची पद्धत विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने करावी लागते. चौथे, गाठीचा तुकडा मेणात बसवून केसाहून बारीक काप काढणे, ज्यावरून डॉक्टर कॅन्सर ओळखतात. आणि पाचवे रक्तपेढीचे काम. हे सगळे दवाखान्याच्या खऱ्या लॅबमध्ये, खऱ्या नमुन्यांवर. शेवटी इंटर्नशिप.

आपल्या राज्यात यासाठी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ साली स्थापन झालेले. मेडिकल कॉलेजांतून त्याचा बीपीएमटी हा पदवी कोर्स चालत आला आहे, त्यात लॅबोरेटरीची शाखा आहे. इतर विद्यापीठांतून बी.एस्सी. एमएलटी आणि मान्यताप्राप्त डीएमएलटी आहेत. बारावी सायन्स आणि त्यात बायोलॉजी लागते, म्हणून दहावीनंतर विषय घेतानाच लक्ष ठेवा. २०२१ साली संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत मेडिकल लॅबोरेटरी हा अगदी पहिलाच गट आहे. या कायद्यात अशा डिप्लोमा-पदवीसाठी किमान २,००० तास, आणि तेही दोन ते चार वर्षांत पसरलेले, असे लिहिले आहे. आता तुम्हीच हिशेब करा, सहा महिन्यांत २,००० तास कसे बसतील? या कायद्याप्रमाणे कोर्सची नावे, अभ्यासक्रम, प्रवेशाचे नियम बदलत आहेत. म्हणून गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या मुलाने काय केले ते ऐकून जाऊ नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा.

कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी पालकांनी चार प्रश्न विचारावेत. एक, परीक्षा कोणते विद्यापीठ किंवा मंडळ घेते? दोन, मान्यतेचे पत्र दाखवा, या वर्षाचे. तीन, मुले कोणत्या दवाखान्याच्या लॅबमध्ये शिकतात आणि त्या दवाखान्यात किती खाटा आहेत? चार, पास झाल्यावर राज्याच्या परिषदेत नोंदणी होते काय? उत्तर देताना समोरचा चिडला, किंवा 'सगळं होऊन जातं, काळजी करू नका' म्हणाला, की चप्पल घाला आणि निघा.

पैशाचे म्हणाल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ती १९४४ सालापासून चालू आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते त्या काळापासून. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी त्यांच्याच नावाची स्वाधार योजना आहे. पण या योजना कागदावर चालतात. आपल्या लोकांना धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलती मिळायला १९९० ची कायद्यातली दुरुस्ती यावी लागली. एवढ्या वर्षांच्या लढ्याने मिळालेली गोष्ट जात वैधता प्रमाणपत्र वेळेवर काढले नाही म्हणून घालवायची का? अकरावीतच अर्ज टाका. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, बँकेला जोडलेले आधार, सगळे एका पिशवीत ठेवा.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर उद्या मुले म्हणतील काकांनी गोडगोड सांगून फसवले.

पहिली गोष्ट, हे शिक्षण घेऊन कुणी डॉक्टर होत नाही. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही पाहिजे. तेव्हा तंत्रज्ञाने आपल्या सहीने रिपोर्ट देणारी लॅब काढू नये. 'कोर्स करा, स्वतःची लॅब टाका' असे कुणी जाहिरातीत सांगत असेल तर तो हा निकाल तुमच्यापासून लपवतो आहे.

दुसरी, खासगी लॅबमध्ये सुरुवातीचा पगार कमी असतो, रात्रपाळी असते, कंत्राट असते. गिरणीतल्या बदली कामगाराने जे भोगले ते काही ठिकाणी तिथेही आहे. सरकारी आरोग्य खात्यात प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ अशी पदे असतात, पण जाहिरात निघायला वेळ लागतो आणि तिथे मान्यताप्राप्त शिक्षणच चालते. सहा महिन्यांचे सर्टिफिकेट अर्जातच बाद होते.

तिसरी, या कामात धोका आहे. वापरलेली सुई टोचली तर कावीळ बी, एचआयव्ही होऊ शकतो. म्हणून कोर्सला लागताच हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस पूर्ण करा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. मास्क-ग्लोव्हज दिले नाहीत तर मागा. मागायला लाजू नका, तो हक्क आहे. आम्ही गिरणीत कापसाचा फुफाटा छातीत भरून घेतला, कारण मागायचे असते हेच आम्हाला उशिरा कळले. तुम्ही ते करू नका.

भगिनींनो, तुम्हाला एक वेगळे सांगायचे आहे. मुलगी या कोर्सला लागली की घरात कुरकुर सुरू होते. लोकांचं रक्त-लघवी-थुंकी हाताळायची, हे कसलं काम? आपल्या आजोबा-पणजोबांना ज्या कामांवरून लोकांनी दूर बसवले, ती कामे त्यांना कुणी शिकवून, पगार देऊन, मान देऊन दिली नव्हती. इथे मुलगी स्वतःच्या मर्जीने शास्त्र शिकते आहे. ज्या थुंकीकडे लोक नाक मुरडतात, तिच्यातला टीबीचा जंतू ती शोधते. कुणाचे घर वाचते. यात कमीपणा कुठे आला? १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी प्लेगच्या रुग्णांची सेवा केली आणि त्यातच १० मार्चला त्या गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस प्रयोगशाळेत तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था आजही परळमध्ये, गिरणगावात उभी आहे. रुग्णाच्या उशाशी बसणारी सावित्रीबाई आणि प्रयोगशाळेत बसणारा हाफकिन, दोघेही एकाच रोगाशी लढत होते. तुमच्या मुलीला त्यांच्यापैकी कुणाचाही वारसा सांगता येईल.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुमच्याशी दोन शब्द. या शास्त्रात नाव होत नाही. पेशंट डॉक्टरला पेढे देतो, लॅबमधल्या माणसाचे तोंडही त्याला माहीत नसते. पण रात्री तीन वाजता एखाद्या बाळंतिणीसाठी क्रॉसमॅच लावून बसलेल्या माणसाने 'एवढं चालतंय' म्हटले, तर तिला कुणी वाचवू शकत नाही. नळीवर नाव बरोबर आहे का, वय विचारले का, कंट्रोल लावला का, शंका आली तर परत केले का, एवढे चार प्रश्न रोज, प्रत्येक नमुन्याला विचारायचे. कंटाळा न करता. हे ज्याला जमेल त्याने या शिक्षणाकडे यावे.

समितीला आमची एक विनंती आहे. निकाल लागल्यापासून प्रवेश संपेपर्यंत दर रविवारी संध्याकाळी वंदनेनंतर एक तास विहारात टेबल-खुर्ची मांडावी. आम्ही आणि कोर्स करणारी ती मुलगी बसू. माहितीपुस्तिका वाचून दाखवू, कागद तपासू, संस्थेच्या मान्यतेची चौकशी करू. कुणी आधीच पैसे भरून बसले असतील तर तेही घेऊन या, काय करता येईल ते पाहू. आणि सिकलसेलची तपासणी ज्या घरात अजून झाली नाही, त्यांनीही याच टेबलाशी नाव द्यावे. सरकारी दवाखान्यात सगळ्यांना सोबत घेऊन जाऊ. लपवू नका. त्या बाळाची दोन वर्षे गेली, पुढच्या बाळाची जाऊ देऊ नका.